गरम पाण्याची गाडी

सिंगापुरात पाणी गरम कशाला करायचं, हा प्रश्न मला ज्यांनी ज्यांनी विचारला त्या सगळ्यांना एका ओळीत उभं केलं तर रांग आमच्या सेंगकांगच्या स्टेशनाबाहेर जाईल. त्या रांगेत पहिला नंबर माझ्या बायकोचा, सुलेखाचा. तिच्यामागे ओळखीची-अनोळखी इतकी माणसं, की प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्याचा उत्साह माझ्यात उरला नाही. मी एकच उत्तर तयार ठेवलं होतं. "तेलकट कढई तुम्ही गार पाण्याने घासता का?"

हे उत्तर बिनतोड आहे असं माझं आजही मत आहे. फक्त सुलेखाला ते दिलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही कढई घासलीय कधी?" हा प्रश्न मुद्द्याला सोडून होता, म्हणून मी त्याचं उत्तर दिलं नाही.

मुद्दा सरळ होता. जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात मी अर्धं आयुष्य भट्ट्या आणि बॉयलर सांभाळले. दोन हजार पंधरा साली तेलाचे भाव कोसळले आणि साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून, चहा पाजून, घरी पाठवलं. घरी बसल्या बसल्या मी इंग्लंडमधल्या खिडक्या पुसणाऱ्यांचे व्हिडिओ बघायला लागलो. माणूस दुसरं काय करणार? तिथे ही मंडळी व्हॅनमध्ये पाण्याची टाकी ठेवतात, पंप ठेवतात, आणि डिझेलवर चालणारा एक छोटा हीटर बसवतात. गरम पाणी नळीतून लांबलचक काठीच्या टोकाला असलेल्या ब्रशपर्यंत जातं. माणूस जमिनीवर उभा राहून तिसऱ्या मजल्याची काच धुतो. शिडी नाही, दोर नाही, पडायची भीती नाही. पाणी असं गाळलेलं, की वाळल्यावर डाग पडत नाहीत. मी तो व्हिडिओ बघितला आणि ताडकन उठून बसलो. भट्टी! छोटी का असेना, पण भट्टीच ती! आणि या अख्ख्या बेटावर असली गाडी एकाकडेही नव्हती.

"नाही, कारण इथे थंडी नाही," सुलेखा म्हणाली. "तिथे त्यांची बोटं गारठतात म्हणून गरम पाणी. इथे नळाला हात लावला तरी पाणी कोमट."

"प्रश्न बोटांचा नाही, तेलाचा आहे," मी म्हणालो आणि कढईचं उत्तर दिलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आता सुलेखाचा धाकटा भाऊ शैलेंद्र याच्याबद्दल सांगणं भाग आहे. तोआ पायोहमध्ये त्याची सॉफ्टवेअरची कंपनी आहे. मुलगा गुणी, मनमिळाऊ, माझ्यावर त्याचा जीव. तरीही. आमच्या लग्नात कानपिळीच्या वेळी तो इतका लहान होता, की माझ्या कानापर्यंत हात पोचावा म्हणून त्याला स्टुलावर उभं करावं लागलं होतं. आणि आता हाच शैलेंद्र मला म्हणत होता, "भाऊजी, आमच्याकडे या ना. सीनियर अ‍ॅडव्हायझर करतो तुम्हाला." कामाचं स्वरूप विचारल्यावर त्याने बराच विचार करून सांगितलं, की सगळे वेळेवर येतात की नाही हे कुणीतरी बघायला हवंच आहे. एकदा कान पिळून झाला होता. तो आता रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा पिळून घ्यायचा का?

सुलेखाशी तह झाला. ती एका फर्ममध्ये अकाउंटंट आहे, त्यामुळे आमच्या घरात तह तोंडी होत नाहीत. ऑक्टोबर संपेपर्यंत मला स्वतःचं एक तरी पक्कं काम मिळालं तर गाडी राहील. नाही मिळालं, तर गाडी विकायची आणि पुढच्या सोमवारी शैलेंद्रकडे रुजू व्हायचं. कंपनी तिच्या नावावर काढायची, हेही त्यातच होतं. "भांडवल माझ्या बचतीतलं, तर मालकीणही मीच," असं ती म्हणाली. मी कबूल केलं. मला भट्टीशी मतलब, पाटीशी नाही.

हीटर इंग्लंडहून आला. सुंदर वस्तू. आमच्या मुलीने, इराने, त्याच्याकडे बघून "बाबा, सो पैसेह लाह!" एवढंच म्हटलं. पैसेह म्हणजे लाज वाटणे. सिंगापुरात वाढलेल्या मुलांना आईबापांबद्दल बोलताना हा शब्द फार लागतो. तळमजल्यावरच्या मीनलने लिफ्टमध्ये मला थांबवून काळजीने सांगितलं, "काका, आत एसी आणि बाहेरून उकळतं पाणी, काच तडकेल हं! माझ्या मावशीचं काचेचं भांडं असंच गेलं." शेजारच्या गोह अंकलने व्हॅनभोवती पूर्ण फेरी मारली आणि विचारलं, "सिंगापूर ऑलरेडी हॉट, व्हॉट?" पुढे महिनाभर मी दिसलो की ते स्वतःच्या कपाळावरचा घाम बोटाने निपटून मला दाखवायचे आणि म्हणायचे, "फ्री हॉट वॉटर!"

मी कुणाचंही मनावर घेतलं नाही. घेतलं, पण दाखवलं नाही.

गाडीत हीटर बसवायला परवानगी लागते. काउंटरवरची मुलगी फार सालस होती. तिने विचारलं, "अंकल, हा हीटर पॅसेंजरसाठी आहे का?" मी म्हटलं, नाही, खिडक्यांसाठी. "गाडीच्या खिडक्यांसाठी?" नाही, लोकांच्या. तिने कॉम्प्युटरवर शोधलं. या देशात गाडीत उष्णता हवी असं आजवर कुणाला वाटलंच नव्हतं, त्यामुळे तिच्याकडे त्यासाठी रकानाच नव्हता. तिने वरच्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी प्रश्न फार मूलभूत पातळीवर नेला. हीटर गाडीला बोल्टने जोडला तर तो गाडीचा भाग, म्हणजे गाडीत फेरफार, म्हणजे तपासणी. नाही जोडला तर तो माल, आणि माल न बांधता नेणं हा गुन्हा. मी विचारलं, बांधला तर? "बांधला तर जोडला," साहेब म्हणाले. मला त्या माणसाबद्दल आदरच वाटला. आमच्या कारखान्यात इतका काटेकोर माणूस बॉयलरवर हवा होता. तपासणी झाली, फेरतपासणी झाली. धुरांड्याची छोटी नळी छताबाहेर काढली म्हणून गाडीची उंची पुन्हा मोजली. शेवटी परवानगी मिळाली. मी ती फ्रेम करून दिवाणखान्यात लावणार होतो, पण सुलेखाने बघितलं नुसतं, आणि मी हातोडी ठेवून दिली.

पहिली चाचणी जुलैत मनोहररावांकडे ठरली. मनोहरराव म्हणजे आमच्या कारखान्यातले सेफ्टी ऑफिसर, अजून नोकरीत. एका कॉन्डोत, म्हणजे खाजगी सोसायटीत, तळमजल्यावर राहतात. मी हीटर सुरू केला. डिझेलचा कुठलाही बर्नर पहिल्यांदा पेटताना थोडा पांढरा धूर सोडतो. थोडा. अगदी मिनिटभर. पण तेवढ्यात समोरच्या ब्लॉकमधल्या एका आजीबाईंनी कर्तव्य म्हणून फोन केला, आणि मी अजून पहिली काच ओली करतोय तोच लाल गाडी भोंगा वाजवत फाटकातून आत आली. जवान उतरले. त्यांनी व्हॅनमध्ये वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्यांचा अधिकारी अत्यंत नम्रपणे म्हणाला, "सर, हॉट वॉटर? इन सिंगापूर?" मी कढईचं सांगायला लागलो, पण भोवती निम्मं कॉन्डो जमलं होतं आणि सगळ्यांच्या हातात फोन होते. दुसऱ्या दिवशी इराच्या शाळेतल्या मैत्रिणींनी तो व्हिडिओ तिलाच दाखवला. ती घरी येऊन माझ्याशी एक शब्द बोलली नाही, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

दुसरा कुणी असता तर त्याने गाडी विकली असती. मी हॅझॉप बोलावला.

हॅझॉप म्हणजे काय, हे जुरोंग आयलंडवर न गेलेल्या माणसाला सांगणं अवघड आहे. कारखान्यातली एकेक नळी घ्यायची आणि आठ-दहा जणांनी बसून विचारत राहायचं: यातून जास्त आलं तर? कमी आलं तर? आलंच नाही तर? उलटं गेलं तर? आणि प्रत्येक प्रश्नाला एकेक संरक्षण लावत जायचं. गैर काही घडलं की यंत्र आपोआप बंद पडतं, त्याला आम्ही ट्रिप म्हणतो. एका रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर मनोहरराव आणि हेमचंद्र येऊन बसले. हेमचंद्र हा माझा जुना सहकारी, मला निश्याच म्हणणारा, उपकरणांचा माणूस, तोही अजून नोकरीत. मध्ये व्हॅनचा नकाशा, बाजूला साबुदाण्याची खिचडी.

"टाकीत पाणीच नसलं तर?" मनोहररावांनी सुरुवात केली.

"ट्रिप," हेमचंद्र म्हणाला.

"पाणी फार गरम झालं तर?"

"ट्रिप."

"गाडी चढावर उभी केली तर?"

"तिरकी झाली की ट्रिप. माझ्याकडे एक छान सेन्सर आहे, निश्या."

दही दुसऱ्यांदा फिरलं तेव्हा दोघेही रंगात आले होते. ऑफिसात यांच्या सूचना खर्चाच्या नावाखाली फेटाळल्या जातात, इथे फेटाळणारं कुणी नव्हतं. शेवटी मनोहररावांनी चमचा खाली ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "आणि गाडीत धूर झाला तर?" लाल गाडी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. "धूर दिसला की डिझेल बंद," हेमचंद्र म्हणाला. "असा संवेदनशील डिटेक्टर देतो, की कुणी शेजारी उदबत्ती लावली तरी कळेल."

"भांडी कोण घासणार याचा हॅझॉप झाला का?" सुलेखाने स्वयंपाकघरातून विचारलं. त्यावर काही संरक्षण नव्हतं.

एक गोष्ट मात्र मीच आग्रहाने करून घेतली. डिटेक्टर बिघडला तर काम अडू नये म्हणून बायपासची, म्हणजे डिटेक्टरला वगळायची, चावी ठेवली, पण कारखान्याच्या नियमाने. काम करणाऱ्याने स्वतःची परवानगी स्वतः द्यायची नाही. परवानगी दुसऱ्या जबाबदार माणसाने द्यायची, आणि चावी फिरलेली असेपर्यंत एक माणूस आग विझवायचा लाल सिलिंडर हातात धरून भट्टीशी उभा राहायचा. अशा चाव्या आपल्याच हाताने फिरवल्यामुळे काय होतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यावर मी विनोद करत नाही.

डिटेक्टर यायला उशीर झाला. तोवर सप्टेंबर उजाडला आणि सुमात्रातल्या जंगलांचा धूर वाऱ्यावर बसून सिंगापुरात आला. तो दर दोन-चार वर्षांनी येतोच, पण त्या साली त्याने मुक्कामच ठोकला. समोरचे ब्लॉक दिसेनात. लोक मास्क लावून फिरायला लागले, सगळ्या बेटाच्या खिडक्या घट्ट बंद झाल्या आणि त्यांच्यावर काजळी बसायला लागली. मला मनातून आनंद झाला हे कबूल करायला हवं. खिडक्या धुणाऱ्याला याहून चांगला हंगाम कुठला?

आणि त्याच दिवसांत मला तोआ पायोहमध्ये ती इमारत दिसली. शैलेंद्रने ऑफिस दाखवायला बोलावलं होतं. त्याने माझी खुर्चीसुद्धा दाखवली, दाराच्या अगदी समोरची. मी जेवायला थांबलो नाही, खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, जाऊन बसलो. आणि वर बघतो तर काय! हॉकर सेंटरच्या पाठीला पाठ लावून वृद्धांचं एक तीन मजली निवासी केंद्र होतं, आणि सगळ्या स्टॉल्सच्या कढयांची वाफ वर्षानुवर्षं त्याच्या खिडक्यांवर जाऊन बसली होती. काचा मधाच्या रंगाच्या झाल्या होत्या. त्यांच्यामागे म्हाताऱ्या माणसांच्या नुसत्या सावल्या हलत होत्या. मी नूडल्स तशाच टाकून उठलो.

केंद्राच्या व्यवस्थापक मिस याप पन्नाशीच्या, चटपटीत. "दोन कंपन्या येऊन गेल्या, अंकल. साबण लावला, पाणी मारलं, तेल नुसतं पसरलं."

"पाणी गरम होतं की गार?"

"गार. गरम कशाला?"

आयुष्यात पहिल्यांदा कढईच्या उत्तरावर कुणी हसलं नाही. मिस याप म्हणाल्या, "बरोबर आहे की. शुक्रवारी या. एक बाजू करून दाखवा. चांगली झाली तर इमारत तुमची." तो ऑक्टोबरचा शेवटचा शुक्रवार होता. त्यानंतरच्या सोमवारी मला शैलेंद्रकडे रुजू व्हायचं होतं.

हेमचंद्रचा डिटेक्टर त्याच आठवड्यात आला. बुधवारी बसवला. सकाळी मोठी सर येऊन गेली होती आणि हवा कधी नव्हे ती निवळली होती. हीटर झकास चालला. मी रात्री शांत झोपलो.

शुक्रवारी धूर परत आला होता. मी मास्क लावला, हॉकर सेंटरमागे गाडी लावली, काठी जोडली. सुलेखाने अर्धा दिवस रजा टाकली होती. "मालकीण आहे, बघायला नको?" शैलेंद्र तिला आपल्या गाडीतून घेऊन आला. तो आला होता मला धीर द्यायला, म्हणजे आपटल्यावर उचलायला. त्याच्या चेहऱ्यावरची ती समजूतदार माया मला बघवेना. मिस याप दारात घड्याळ बघत उभ्या होत्या.

मी बटण दाबलं. बर्नर पेटला, गुरगुरला, आणि खट्. बंद. पुन्हा दाबलं. गुरगुर, खट्. पंप बघितला, ठीक. डिझेल होतं. गाडी सपाट जागेवर होती. मग माझं लक्ष पॅनेलवरच्या लाल दिव्याकडे गेलं. धूर!

मी घाबरून गाडीत शिरलो. वाकून वाकून बघितलं. हीटरखाली बघितलं, टाकीमागे बघितलं, सगळ्या वायरी हुंगल्या. डोळ्यांना पाणी येत होतं, घसा खवखवत होता, आणि डोळे पुसत पुसत मी धूर शोधत होतो. "कुठेच नाही!" मी बाहेर येऊन म्हणालो. "धुराचा पत्ता नाही आणि हा म्हणतोय धूर!"

सुलेखाने मास्क जरा खाली केला. "अहो," ती म्हणाली, "अख्ख्या सिंगापुरात आहे."

मी वर बघितलं. सूर्य तांबड्या टिकलीएवढा होता. उदबत्तीसुद्धा ओळखणारं हेमचंद्रचं यंत्र सुमात्राचं जंगल जळतंय असं मला प्रामाणिकपणे सांगत होतं. हीटर पेटणार नव्हता. धूर आज हटणार नव्हता, उद्याही नाही.

"अंकल, किती वेळ?" मिस याप म्हणाल्या. "गार पाण्याने सुरुवात करा ना, मी बघते." माझ्याने राहवलं नाही, मी एका काचेवर गार पाणी मारलं. तेल हललं, पसरलं, आणि काच होती त्याहून मातकट झाली. मिस यापनी पुन्हा घड्याळ बघितलं.

मी हेमचंद्रला फोन लावला, मनोहररावांना लावला. दोघेही कारखान्यात, आणि कारखान्याच्या आत फोन नेत नाहीत. हा नियम मीच शिकवलेला. आता कोण देणार परवानगी?

"भाऊजी, ती चावी आहे ना बायपासची?" शैलेंद्रने पॅनेलकडे बोट दाखवलं. "फिरवा ना. कोण बघतंय?"

मी भडकलो. "कोण बघतंय? कोण बघतंय म्हणजे? याच विचाराने माणसं जळतात, शैलेंद्र! मी आयुष्यात कधी स्वतःच्या परवानगीने ट्रिप बायपास केली नाही आणि आज करणार नाही. काम गेलं तर गेलं!"

माझा आवाज इतका चढला की हॉकर सेंटरमधली डोकी वळली. खाली रस्त्यालगतच्या टेबलावर दोन म्हातारे चिनी बुद्धिबळ खेळत बसले होते, धुराची पर्वा न करता, मास्क हनुवटीवर. त्यांनीसुद्धा मान वर केली. मी काठी खाली ठेवली. सहा महिने जगाशी भांडून इथवर आलो होतो आणि माझ्याच टेबलावर, माझीच खिचडी खाऊन मंजूर झालेल्या नियमाने मला अडवलं होतं. नियम चूक असता तर सोपं होतं. नियम बरोबर होता.

"तुमच्या कारखान्यात परवानगी कोण द्यायचं?" सुलेखाने विचारलं.

"प्लँटची जबाबदारी ज्याच्यावर, तो."

"या गाडीची कुणावर आहे?"

मी गाडीच्या दारावरच्या पाटीकडे बघितलं.

"कंपनी माझी आहे," ती म्हणाली. "मला नीट सांगा. डिटेक्टर बंद केला तर खरा धूर झालेला कळणार कसा?" तोच आवाज, ज्या आवाजात ती मार्च महिन्यात लोकांचे हिशेब तपासते.

"कुणीतरी भट्टीजवळ उभं राहून सतत बघायचं."

"आणि झालाच तर?"

"आधी डिझेलचा कॉक बंद. मग सिलिंडर."

"कॉक दाखवा." मी दाखवला. तिने तो स्वतः बंद करून बघितला, उघडून बघितला. "पिन कशी ओढायची?" तेही सांगितलं. "वारा कुठून येतोय? मी कुठल्या बाजूला उभी राहू?" हा प्रश्न नवशिक्या माणसाला सुचत नाही. तिने ऑफिसची साडी खोचली, लाल सिलिंडर दोन्ही हातांनी उचलला आणि व्हॅनच्या उघड्या दाराशी पाय रोवून उभी राहिली.

"दिली परवानगी," ती म्हणाली. "फिरवा."

मी चावी फिरवली. बर्नर पेटला. या वेळी खट् आलं नाही. काच तडकू नये म्हणून आधी कोमट, मग हळूहळू गरम केलं, कारण मीनलची मावशी काही खोटं बोलत नव्हती. ब्रश दुसऱ्या मजल्याच्या काचेला टेकवला आणि तेल सुटायला लागलं. आधी एक तपकिरी ओघळ आला, मग दुसरा, मग धारा लागल्या. "येतंय! येतंय!" शैलेंद्र ओरडला, आणि त्याच्या चांगल्या शर्टावर ते टपकलं तरी तो बाजूला झाला नाही. मी खिडकीमागून खिडकी घेत सुटलो. मान मोडली, खांदे भरून आले, मास्कमध्ये घाम साठला. सुलेखा जागची हलली नाही. हॉकर सेंटरमधल्या एका बाईने येऊन तिला काय झालं विचारलं, तर तिने मान न वळवता "ड्यूटीवर आहे" एवढंच सांगितलं.

काम झालं. मी मिस यापना आत जाऊन बघायला सांगितलं आणि उभा राहिलो.

त्या आल्या तेव्हा चेहरा पडलेला. "अंकल, आतून तसंच दिसतंय. आधी पिवळं होतं, आता राखाडी. बाहेरचं काही दिसत नाही."

मी वर बघितलं. काचा लखलखीत होत्या. त्यांच्या पलीकडे होता तो नुसता धूर, समोरचा ब्लॉकसुद्धा गिळून बसलेला. जगातली सर्वांत स्वच्छ काच मी केली होती आणि तिच्यातून बघायला काही शिल्लक नव्हतं! "धूर गेला की दिसेल," मी म्हणालो. "पुढच्या आठवड्यात बघा."

"मला बोर्डाला आज सांगायचंय."

शैलेंद्रने माझ्या खांद्यावर हात ठेवला. फार हलक्या हाताने.

तेवढ्यात वरून धाडधाड आवाज यायला लागला. दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारा काचेवर दोन्ही तळहात आपटत होता आणि तोंडाने ओरडत होता. सुलेखाने सिलिंडरची पिन पकडली. मिस याप जिन्याकडे धावल्या. मला वाटलं, काच तापली, भाजलं याला काहीतरी.

मिस याप खिडकीत दिसल्या. म्हाताऱ्याशी हुज्जत घालताना दिसल्या. मग त्यांनी खाली बघितलं, धुरातही दिसेल इतक्या जवळच्या, रस्त्यालगतच्या त्या टेबलाकडे, आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. खाली आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. धुरामुळे असेल.

"कुणाला काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "तो ते दोघे खेळतायत त्यांच्यावर ओरडतोय. म्हणतोय, घोडा चुकीचा चालवला." मग थांबून म्हणाल्या, "ते त्याचे मित्र आहेत. तो रोज त्याच खुर्चीत बसतो, त्याला खाली कुणीतरी आहे एवढंच दिसायचं. आता मला विचारतोय, आह हुआट इतका म्हातारा कधी झाला?"

खाली टेबलाशी आह हुआट उठून उभा राहिला होता. त्याने वर बघून घोडा हातात धरून दाखवला आणि जोरजोरात काहीतरी सुनावलं. वरचा काचेवर बोट आपटून आपटून त्याला जागा दाखवत होता.

मिस यापनी फोन काढला, बोर्डाशी दोन वाक्यं बोलल्या आणि माझ्याकडे वळल्या. "अंकल, सोमवारी मागची बाजू. सकाळी लवकर, ओके? आणि त्या मॅडमनाही आणा. त्यांना बघून मला धीर येतो."

मी हीटर बंद केला, चावी जागेवर फिरवली. शैलेंद्र थोडा वेळ शर्टावरचं तेल चोळत राहिला. मग त्याने बहिणीकडे बघितलं. "ताई, मग सोमवारचं कसं करायचं? भाऊजींची खुर्ची..."

सुलेखाने तो जड सिलिंडर अजून खाली ठेवला नव्हता. तिचे हात लाल झाले होते.

"सोमवारी त्यांना वेळ नाही," ती म्हणाली. "आणि मी रजा टाकतेय."